क्रेडिट कार्ड नको, पण आपलं सिबिल बघा



परवा माल घालायला आलेल्या एका सभासदाने विचारलं, "बँकेतून फोन येतात, क्रेडिट कार्ड घ्या, सिबिल वाढतं म्हणे. घ्यावं का?"

आमचं मत सरळ आहे. *नको.* कार्डाचं बिल दर महिन्याला येतं. आपला पैसा येतो कापूस-सोयाबीन विकल्यावर, नाहीतर कारखान्याचं उसाचं बिल जमा झाल्यावर. कार्डाचं बिल थकलं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. सावकाराचं शेकडा ३ परवडलं की मग!

पण "मला सिबिलचं काय करायचंय?" असंही म्हणू नका. पीककर्ज, मोटारसायकलचा हप्ता, फायनान्सवरचा मोबाईल, सगळ्याची नोंद होते. जामीन राहिलात तर त्याचीही. आपल्याच एका सभासदाची ट्रॅक्टरची फाइल परत आली. स्वतःचा रुपया थकीत नव्हता. पाहुण्याच्या गाडीला जामीन होते, हप्ते त्याने थकवले.

पीककर्जाला सिबिल मागू नका, असं सरकारने बँकांना बजावलंय. पण ट्रॅक्टर, पाइपलाइन, पोरीचं शिक्षण, तिथं बघतातच.

आणि कार्डच पाहिजे तर आपल्यासाठी १९९८ पासून किसान क्रेडिट कार्ड आहे. ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाला ७ टक्के व्याज. मुदतीत भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत, उरलेल्या व्याजाला राज्याची सवलत, डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेसह. म्हणजे शून्य. सावकाराकडं शेकडा ३ ने १ लाखाला वर्षाचे ३६ हजार जातात. वेळेत नवं-जुनं केलं की हे पैसे वाचतात आणि सिबिलही चांगलं राहतं.

"कर्जमाफी येईल, थांबू," असं काहीजण म्हणतात. २०१७ ला आली, २०१९ ला आली, खरं आहे. पण पुढची कधी, कुणाला, किती, हे आपल्या हातात नाही. तोवर खातं थकीत, सवलत गेली आणि दुसरं कर्जही मिळत नाही. ज्याचं पीकच गेलं त्याला दोष नाही. त्याने मुदत संपायच्या आत बँकेत पुनर्गठनाचा अर्ज द्यावा आणि *पोच घ्यावी.*

एवढं करा:
१) वर्षातून एकदा आपला क्रेडिट रिपोर्ट बघा. सिबिलसह चारही संस्थांकडून तो वर्षाला एकदा फुकट मिळतो. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो.
२) चुकीची नोंद दिसली तर ऑनलाइन तक्रार करा. ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.
३) तडजोडीत कर्ज मिटवलं तरी "सेटल्ड" असा शेरा राहतो. जमत असेल तर पूर्ण भरा, बेबाकी दाखला घ्या.
४) जामिनाची सही करताना समजा, कर्ज आपणच घेतोय.

रिपोर्ट काढता येत नसेल तर फोन घेऊन ऑफिसला या, दाखवू. ओटीपी मात्र स्वतःच टाका, आम्हालाही सांगू नका.

– आपली कंपनी, तेलगाव