आधी कारण, मग रायफल

भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम आपल्या मराठी मंडळातल्या प्रत्येक बंदूकप्रेमीनं एकदा वाचावं. भाषा रुक्ष आहे, पण कोणत्या कामाला कोणती बंदूक हे त्यात नेटकं सांगितलंय. संरक्षण किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीची बंदूक, नळी वीस इंचांहून आखूड नको. पिकाची राखण करायची तर ठासणीची. नेमबाजीचा सराव करायचा तर मान्यताप्राप्त रायफल क्लबचं सभासद व्हायचं आणि .२२ ची रायफल किंवा एअर रायफल घ्यायची. याखेरीज काही हवं असेल तर परवाना देणाऱ्याला सबळ कारण पटवून द्यायचं. या सगळ्या कामांना पुरून उरणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल या यादीत नाही. २०१६ च्या नियमांनी तर तिला निर्बंधित वर्गात टाकलंय. कुंभकोणमचा माणूस तिच्यासाठी अर्ज घेऊन तंजावरच्या कलेक्टर कचेरीत गेला तर हात हलवत परत येईल, कारण ते प्रकरण दिल्लीच्या गृहखात्याच्या अखत्यारीतलं.

इकडे अमेरिकेत मंडळाच्या पिकनिकला, मक्याची कणसं भाजता भाजता, पुरुषमंडळींच्या घोळक्यात हा विषय हल्ली हमखास निघतो. "घ्यायची तर एकच घ्यायची, पण अशी की शिकारीला चालेल, घरात कोणी घुसलं तर उपयोगी पडेल आणि शनिवारी रेंजवरही नेता येईल." मग एआर-१५ या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीचं नाव येतं, कोणीतरी फोनवर चित्रं दाखवतं आणि गाडी दुर्बिणीच्या किमतीवर घसरते. माझा आक्षेप रायफलीला नाही. मी स्वतः रेंजवर जातो; बंदुकीच्या तेलाचा वास मला आवडतो. आक्षेप आहे तो 'तिन्ही'ला. तीन कारणांची मोळी बांधली की त्यांतलं एकही नीट तपासावं लागत नाही. शिकारीचं कारण लंगडं पडलं की संरक्षण पुढे करता येतं, आणि संरक्षणावरून कोणी छेडलं तर नेमबाजी आहेच.

यावर आमच्या गावाकडचं सांगतो. आम्ही कुंभकोणमचे मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, त्यांच्यामागोमाग कारकून, हरदास, पुरोहित नि शिलेदार कावेरीच्या खोऱ्यात आले आणि तिथलेच झाले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे औरस मुलाविना वारले, कंपनीनं राज्य खालसा केलं आणि पुढच्या दशकात राजवाड्याचा शस्त्रागार उपसला गेला. निवडक हत्यारं मद्रासच्या म्युझियमला गेली, उरलेली बरीच मोडीत निघाली. चेन्नईला गेलात तर एग्मोरच्या म्युझियममध्ये ती जरूर बघा. कट्यारींची पाती पुष्कळदा युरोपातून आलेली, मुठी मात्र अस्सल तंजावरी, बोटांवर शिडासारखं कवच असलेल्या. हत्तीचे अंकुश निराळे, तलवारी निराळ्या. हौसेला आणि पैशाला तोटा नसलेला तो दरबार सगळ्या कामांना पुरेल असं एकच हत्यार शोधण्याच्या भानगडीत पडल्याचं दिसत नाही.

त्याच मुलखात दुसरं टोकही होतं. कुंभकोणमच्या बसस्टँडवर मण्यांच्या माळा विकणारे नरिकुरवर तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. मूळचे शिकारी. त्यांची वाग्रीबोली गुजराती-मराठीच्या जवळची, आणि आमचे पूर्वज शिवाजीमहाराजांच्या फौजेबरोबर इकडे आले असंही त्यांच्यातले काही सांगतात. लहानपणी भाताच्या खाचराच्या बांधावर मी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला बंदूक ठासताना पाहिलंय. दारू तळहातावर मापून नळीत ओतायची, वर काथ्याचा बोळा, तो गजानं ठोकून बसवायचा. मग छर्रे, पुन्हा बोळा. सगळ्यात शेवटी घोड्याखाली तांब्याची इवलीशी टोपी. एवढं होईस्तोवर बगळे चरत चरत पुढे गेलेले. म्हातारा उकिडवा बसूनच त्यांच्यामागे सरकत राही, आणि दोन पक्षी एका रेषेत येईपर्यंत चापाला बोट लावत नसे. बार फुकट गेला तर रात्री चुलीवर काय ठेवायचं, हा त्याचा हिशोब. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि १९९१ च्या दुरुस्तीनं शिकार बंद झाली ती त्याचीही.  म्हाताऱ्याची एकबारी मला पुढे पुन्हा लागणार आहे.

आता शिकारीचं बघू. दुकानात 'एआर-१५' म्हणून जी सर्वसाधारण रायफल मिळते ती .२२३ ची. गोळी जेमतेम साडेतीन ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेनऊशे मीटरच्या आसपास. कोल्ह्या-कायोटीला ठीक. हरणाला मात्र व्हर्जिनियात .२३ हून बारीक गोळी चालत नाही आणि कोलोरॅडोत मोठ्या जनावरांसाठी किमान .२४ लागते. पेनसिल्व्हेनियानं २०१७ मध्ये सेमी-ऑटो रायफलीला शिकारीत प्रवेश दिला, पण हरणासाठी नाही. न्यू जर्सीत तर हरणावर रायफलच चालवता येत नाही. तिथे शॉटगन घ्या, नाहीतर ठासणीची. म्हणजे एडिसनचा आपला माणूस हौसेनं एआर-१५ च्या धर्तीची रायफल घेऊन बसला तर शिकारीच्या मोसमात ती घरी ठेवून आमच्या नरिकुरवराच्या बंदुकीची आधुनिक बहीण शोधायला निघेल. मग .३०८ ची सेमी-ऑटो घ्या, असं जाणकार सुचवतात. ती घेतली की रायफल जड होते, दणका वाढतो, काडतुसं महागतात, आणि घराच्या संरक्षणाची बाजू आणखी बिघडते.

आणि मुळात हरणाला एकच गोळी घालायची असते. पहिली नीट बसली तर दुसरी लागत नाही. नाही बसली तर पळत्या जनावराच्या दिशेनं पुढच्या चार सोडणाऱ्याला कोणी शिकारी म्हणत नाही. साधी बोल्ट-ॲक्शन रायफल या कामाला पुरते, हलकी असते आणि पुष्कळदा स्वस्तही.

रेंजवर तर उलटाच मामला. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री-पोझिशनमध्ये कांस्यपदक आणलं, तेव्हा मंडळाच्या ग्रुपवर पेढ्यांच्या फोटोंचा पाऊस पडला होता. त्याच्या हातातली रायफल .२२ ची, प्रत्येक गोळी हातानं भरायची. त्या स्पर्धेत दुसरी चालतच नाही. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभ्यानं, आणि लक्ष्याचं दहाचं वर्तुळ एक सेंटीमीटरच्या किंचित वर. म्हाताऱ्याची एकबारी म्हणालो होतो ती इथे: गोळी एकच आहे हे माहीत असलं की श्वास आपोआप सावकाश होतो. अमेरिकेत एआर-१५ नं खेळायच्या सर्व्हिस रायफल स्पर्धा आहेत, सहाशे यार्डांवरही लोक सुरेख नेम मारतात, हे मी नाकारत नाही. पण त्यातले मुरलेले खेळाडू ती रायफल त्याच खेळासाठी बांधून घेतात: नळी जाड, वजन मुद्दाम वाढवलेलं. ती खांद्यावर टाकून डोंगर चढून बघा. आणि पट्टीचा नेमबाज ज्या हलक्या चापासाठी जीव टाकतो, तसला चाप अंधारात घाबरलेल्या माणसाच्या बोटाखाली असू नये. अडकित्त्यानं सुपारी कातरावी. त्यानंच नारळ फोडायला गेलात तर अडकित्ताही जातो आणि नारळही तसाच राहतो.

उरलं घर. इथे मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण खरी मेख इथे आहे. कुंभकोणमच्या अग्रहारातल्या जुन्या घरांच्या भिंती हातभर जाड. अमेरिकेतली घरं लाकडी सांगाड्याची, मधल्या भिंती जिप्समच्या तक्त्यांच्या. .२२३ ची हलकी गोळी पिस्तुलाच्या गोळीपेक्षा लवकर फुटते, कोलमडते, हा तिच्या बाजूनं दिला जाणारा मुद्दा खोटा नाही. तरी चुकलेला नेम मुलांच्या खोलीच्या भिंतीपाशी थांबेल याची हमी मिळत नाही. बंद खोलीत रायफलीचा आवाज कानाला कायमची इजा करण्याइतका असतो. हेही एक वेळ सोडा. शिकारीची आणि खेळाची बंदूक रिकामी ठेवायची, तिजोरीत ठेवायची, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवायची, हे आपल्याला पहिल्या दिवशी शिकवतात. संरक्षणाची बंदूक तशी ठेवली तर दरवाजा फोडणारा माणूस तुम्ही दोन कुलपं उघडेपर्यंत थांबणार आहे का? आणि हाताशी, भरलेली ठेवली, तर घरात तेरा-चौदा वर्षांचं पोर आहे. एकाच रायफलीनं एकाच वेळी या दोन अवस्थांत असायचं, हे कोणत्याही कारखान्याला जमलेलं नाही. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. परीक्षेच्या, नोकरीच्या, नैराश्याच्या गोष्टी आपण घरात बोलत नाही हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. तेव्हा चोराच्या आधी या आकड्याचा विचार केलेला बरा.

माझं हे बोलणं ऐकून मंडळातले एक ज्येष्ठ इतिहासप्रेमी मला म्हणाले, "तुमच्याच गावच्या माधवरावांना विचारा." मुद्दा बिनतोड वाटावा असा आहे. सर टी. माधवराव कुंभकोणमचे, जन्म १८२८, आपल्यासारखेच तंजावरी मराठी. त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण. १८८७ च्या डिसेंबरात मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं, बद्रुद्दीन तैयबजी अध्यक्ष, माधवराव स्वागताध्यक्ष. त्या अधिवेशनानं लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याविरुद्ध ठराव केला. मागणी अशी की शस्त्र सर्वांना बाळगता यावं, आणि कुणाला नाकारायचं असेल तर सरकारनं त्याचं कारण लेखी नोंदवून जाहीर करावं. म्हणजे कारणाचा रकाना त्यांनी सरकारपुढे सरकवला होता. मला हा ठराव फार आवडतो. पण त्यामागचा सल समजून घ्या: तो कायदा काळ्यांना लागू होता, गोऱ्यांना त्यातून सूट होती. त्यांचं भांडण अपमानाशी होतं. सरकारपुढे मान ताठ ठेवायला बंदुकीचा हक्क मागणं आणि तो हक्क मिळालेल्या माणसानं दुकानात कुठली बंदूक उचलावी, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात सरकारला कारण विचारा, दुसऱ्यात स्वतःला.

काही देशांत हा प्रश्न सरकारच विचारतं. ऑस्ट्रेलियात १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर अर्जदाराला खरं कारण द्यावं लागतं आणि स्वसंरक्षण हे कारण धरलं जात नाही. ब्रिटननं हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर, १९८८ मध्ये, सेमी-ऑटो रायफली बंद केल्या. सूट ठेवली ती .२२ रिमफायरला. माझं मतही त्याच्या आसपास येतं. मंडळातल्या दहातल्या नऊ जणांचं खरं कारण शनिवारची रेंज हेच आहे, आणि ते काही कमी प्रतीचं नाही. त्यांनी .२२ घ्यावी. सेमी-ऑटोच हवी असेल तर रुगर १०/२२ आहे, १९६४ पासून बाजारात, दणका नाही, काडतुसं स्वस्त, बायकोही चालवेल, आजोबाही चालवतील. घराला चांगलं दार, दिवे आणि अलार्म. हरणं मारायचीच असतील तर आपल्या राज्याचा नियम वाचून बोल्ट-ॲक्शन.

आता उरलेल्या एकाबद्दल. माझा भाचा ऑस्टिनच्या बाहेर राहतो. त्याच्या मित्राच्या रानात रानडुकरांनी उच्छाद मांडलाय. एका रात्रीत कळप शेत नांगरल्यासारखं उकरून जातो. "मामा, सेमी-ऑटो घेऊ का?" असं त्यानं विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. कळप पळत असतो, दहा-वीस जनावरं एकदम असतात, तिथे बोल्ट ओढत बसणं खरंच निरुपयोगी. .३०८ ची घे, दहा गोळ्यांचं मॅगझिन पुरे, तिजोरी आधी आण. पण तो एच-१बी वर आहे. अशा व्हिसावरच्या माणसाला संघराज्याच्या कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही, रेंजवर भाड्याची हातात घेणंही त्यातच आलं. सूट मिळते ती मुख्यतः शिकारीचा वैध परवाना असेल तर. टेक्ससनं २०१९ पासून खाजगी जमिनीवरच्या रानडुकरांसाठी शिकारीचा परवाना माफ केलाय, त्यामुळे मित्र त्याला म्हणाला, "तुला कशाला हवा?" मी सांगितलं, डुकरांसाठी नको, पण रायफल हातात धरण्यासाठी तुला तो काढावाच लागेल, आणि दुकानातल्या फॉर्मवर व्हिसाच्या प्रश्नाचं उत्तर खरंच लिही. मित्राच्या नावावर घेऊन टाकतो, हा त्याचा दुसरा बेत तर सरळ गुन्हाच होता. परवाना काढलाय. रायफल अजून घ्यायचीय, तिजोरी कुठे बसवायची यावर सध्या सूनबाईंशी वाद चालू आहे.