हक्क कागदावर, सेवा बाजारात!

सोलापुरात मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या विडी कामगाराच्या मुलीला बी.एड., समाजकार्य वा स्पर्धा परीक्षा यांची वाट मोकळी असते. मनोरुग्णावर उपचार करण्याचा अधिकार मात्र मिळत नाही. त्यासाठी एम.ए., पुढे भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले प्रशिक्षण आणि नोंदणी आवश्यक असते. ही अट रास्तच आहे. अर्धवट ज्ञानाच्या हाती कोणाचे मन देता येत नाही. परंतु प्रशिक्षणाच्या जागा मोजक्याच ठेवायच्या आणि तज्ज्ञ मिळत नाहीत म्हणून गळा काढायचा, हा कोठला न्याय?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत मनोविकारांचे ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवेचा हक्क दिला. ज्या शहरातील कापड गिरण्या बंद पडल्या, जे यंत्रमाग आणि विडीवर जगते, त्याने हा हक्क खासगी दवाखान्यात विकत घ्यावा काय?

सोलापूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात विद्यावेतनासह प्रशिक्षणाच्या पुरेशा जागा आणि प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मानसशास्त्रज्ञाचे कायम पद, ही मागणी आता कार्यकर्त्यांनी लावून धरली पाहिजे. श्रमिकांच्या मुली शिकण्यास सिद्ध आहेत. शासनाची तयारी कोठे आहे?