रक्तदाब आजीचा, पथ्य घराचे

लहान मुलांच्या डॉक्टराने उच्च रक्तदाबावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु बालरोगतज्ज्ञाकडे मूल कधीच एकटे येत नाही. अफजलपुरासारख्या तालुक्याच्या गावी तर ते बहुधा आजीच्या कडेवरून येते. नातवाला साधा ताप आला तरी धावत येणारी ही आजी स्वतःसाठी मात्र दवाखान्याची पायरी चढत नाही. डोके जड होते, जिना चढताना धाप लागते, पण "वय झालं आता" या तीन शब्दांत तिने आपले निदान उरकलेले असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात 15 वर्षांवरील सुमारे 24 टक्के पुरुष आणि 21 टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता अथवा त्यासाठी त्या व्यक्ती औषध घेत होत्या. म्हणूनच माझे आग्रहाचे मत आहे की, रक्तदाबमापक यंत्र मुलांच्या दवाखान्यातही टेबलावर असावे, दंडाला गुंडाळण्याचे लहान व मोठे पट्टे त्यासोबत असावेत, आणि मुलाला आणणाऱ्या वडीलधाऱ्यांचा दाबही मोजला जावा. जाड दंडाला अरुंद पट्टा लावला तर दाब खोटा चढलेला दिसतो. रुग्णाला पाच मिनिटे शांत बसू न देता घेतलेल्या मोजणीचेही तेच. एकाच मोजणीवर जन्माचा शिक्का मारू नये; दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे.

या रोगावर औषधच नव्हते, असा काळ फार जुना नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा वरचा दाब 300 च्या घरात होता. जगातील सर्वांत सामर्थ्यवान माणसाजवळ उत्तम डॉक्टर होते, पण उपयोगी पडेल अशी गोळी नव्हती. त्यानंतर चारच वर्षांनी, 1949 मध्ये, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे रुग्णांवरील अभ्यासातून दाखविले आणि तो निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या मातीतल्या या वनस्पतीने आधुनिक उपचारांचा एक दरवाजा उघडला. पुढे तिच्याहून सौम्य आणि सोयीची औषधे आली. आज अॅम्लोडिपिनची गोळी शेतमजुरालाही परवडण्याजोगी आहे.

मग घोडे अडते कोठे? गोळी सुरू करण्यात नव्हे, ती चालू ठेवण्यात. महिनाभराने दाब 130 वर आला की रुग्ण मनाशी म्हणतो, "उतरला, आता कशाला?" छत्री उघडल्यावर डोके कोरडे राहते, म्हणून पाऊस थांबला असे कोणी समजत नाही, गोळीच्या बाबतीत मात्र सुशिक्षितही असे समजतात. काही जण पायांना सूज आली म्हणून गोळी टाकून देतात. अॅम्लोडिपिनने अशी सूज येऊ शकते, त्यावर मात्रा कमी करणे वा औषध बदलणे हा उपाय आहे, हे आपण पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी दाब वाढतो, हेही सांगितले पाहिजे. आपण मोठा फलक लावतो, आणि नेमकी ही दोन वाक्ये बोलायची राहतात.

पथ्याविषयी बोलायचे तर आपल्या भागाचे अन्न मुळात वाईट नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, पालेभाजी ही रक्तदाबाला मानवणारीच शिदोरी आहे. भाकरीच्या पिठात बहुधा मीठही नसते. मीठ येते ते ताटाच्या डाव्या बाजूने: शेंगाचटणी, ठेचा, लोणचे, पापड, सांडगे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाकाठी सर्व मिळून 5 ग्रॅमहून कमी, म्हणजे लहान चमचाभराच्या आत, मीठ असावे. उपवासाला सैंधव चालते म्हणून ते निर्धोक, हा समज गाणगापूरला येणाऱ्या भाविकांतही दिसतो. परंतु सैंधवही मुख्यत्वे तेच सोडियम क्लोराइड. तंबाखू आणि दारू यांविषयी सर्वांनाच ठाऊक आहे, तेव्हा ते उगाळत नाही. वजन एक किलोने उतरले की वरचा दाब साधारण एक अंकाने उतरतो, एवढा हिशेब सांगितला तरी माणसे चालायला निघतात, असा माझा अनुभव आहे.

आजीसाठी वेगळी अळणी भाजी करण्याची पद्धत मला पटत नाही. त्यात तिला शिक्षा झाल्यासारखे वाटते आणि चार दिवसांत ती मोडते. साऱ्या घराचे मीठ हळूहळू कमी करावे. जीभ काही आठवड्यांत सरावते. यात खरा लाभ नातवाचा आहे. खारटाची आवड लहानपणीच जडते आणि पाकिटातले चटपटीत पदार्थ ती पक्की करतात. जन्मतः कमी वजनाच्या मुलांत पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका अधिक असतो, हे डेव्हिड बार्कर यांच्या अभ्यासांनी पुढे आणले. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, आपली बाळे दिसतात कृश, पण त्यांच्या अंगी चरबीचे प्रमाण मात्र अधिक. तीन वर्षांपुढील मुलाचा दाब वर्षातून एकदा मोजावा, अशी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2017 ची शिफारस आहे. आपल्याकडे तो क्वचितच मोजला जातो.

सीमाभागातील डॉक्टरांनी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. आपला रुग्ण आज सोलापूरला, उद्या कलबुर्गीला दाखवितो. दोन चिठ्ठ्यांवर एकाच औषधाची दोन व्यापारी नावे असतात आणि तो दोन्ही गोळ्या घेतो. घरात एकाची गोळी दुसऱ्याला देण्याची रीतही आहे. सासूची टेल्मिसार्टन गरोदर सुनेला दिली गेली, तर गर्भाच्या मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. 2017 मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा, वर्धा हे जिल्हे आरंभीच होते. मोजकी औषधे, ठरलेला क्रम आणि महिन्याच्या गोळ्या एकदम देणे, एवढीच त्याची साधी रचना. आपल्या मंडळाने तेवढे तरी उचलावे. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव मराठीत आणि कन्नडमध्ये लिहावे, शेवटचा दाब तारखेसह नोंदवावा, आणि ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या बांधकामावर निघालेल्या माणसाला निघण्याआधीच दोन महिन्यांच्या गोळ्या बांधून द्याव्यात.