पणतीची सोन्याची फुले

गेल्या अंकात या पानावर लोणच्याच्या बरण्यांविषयी लिहिले, तेव्हा दोघी-तिघी वाचक भगिनींनी पत्रातून विचारले की, बरण्यांचे राहू द्या, नातीचे पहिले वर्ष कसे गेले ते का लिहीत नाही? लिहिते. मात्र सूनबाईंची सक्त ताकीद आहे की, मुलीचे नाव छापावयाचे नाही आणि छायाचित्र तर नाहीच. आजकालच्या आयांचे हे भय मला पूर्वी अनाठायी वाटे; आता तितकेसे वाटत नाही. तेव्हा येथे तिला नुसते ‘छकुली’ म्हणू.

आमच्या घराचा नकाशा वाचकांना एकदा सांगितला पाहिजे. सूनबाईंचे माहेर बेळगाव, चिरंजीवांची नोकरी हैदराबादेत, लेक दिली बडोद्याला, माझे माहेर ग्वाल्हेर आणि बिऱ्हाड इंदूरला. घरात एक विवाह ठरला की रेल्वेचे वेळापत्रक पुढे घेऊन बसावे लागते. अशा घरातील मूल जन्मल्यापासून प्रवासीच असावयाचे.

छकुली जन्मली बेळगावी, २०२४च्या श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी. बाराव्या दिवशी बारसे. आम्ही उभयता इंदूरहून एक रात्र पुण्यापर्यंत आणि दुसरी रात्र मिरजेवरून पुढे, असे थकून पोहोचलो तो टिळकवाडीत पाऊस असा लागलेला की बाळंतिणीची धुणी वाळेनात. खोलीत शेगडी, वर दोरीवर लंगोट, आणि धुरीचा तो ओळखीचा वास. विहीणबाईंनी पाहुणचारात काही कमी केले नाही. कुंद्याचे डबे तर परतीच्या सामानात मावेनात. पाळण्याशी शेजारच्या बाई म्हणाल्या, “बघा की, कशी हसूलाली!” माझ्या तोंडून निघाले, “हो ना, हसून राहिली आहे.” दोघी एकमेकींकडे पाहत राहिलो. पुण्यामुंबईच्या कोणी ऐकले असते तर दोघींनाही मराठी शिकवावयास घेतले असते.

पहिली दिवाळी आजोळी करून नोव्हेंबरात मायलेकी हैदराबादेस गेल्या, आणि जानेवारीत संक्रांतीला प्रथमच इंदूरला आल्या. आमच्या सासूबाईंनी पणतीला पाहिले ते तेव्हा. सासूबाई तेव्हा नव्वदीच्या. डोळ्यांना कमी दिसते, कान मात्र हवे ते सर्व ऐकतात. बोरन्हाणाला काळे झबले, हलव्याचे दागिने, बोरे, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे असा सगळा थाट केला. हल्लीच्या पद्धतीप्रमाणे कोणी चॉकलेटेही मिसळली होती, आणि आळीतील मुलांनी बोरे सोडून तीच वेचली, हे सांगावयास नको. मुलगी एकदाही रडली नाही. सासूबाईंनी आपल्या थरथरत्या ओंजळीने तिच्या डोक्यावरून बोरे सोडली, समाधानाने मान हलविली आणि म्हणाल्या, “पणतू असता तर तुम्ही माझ्यावर सोन्याची फुलं उधळली असतीत.”

त्यात कुजकेपणा नव्हता. पाऊस पडला नाही, असे म्हणावे तसे त्या म्हणाल्या. पण सूनबाईंनी छकुलीचे टोपडे नीट केले आणि तिला घेऊन त्या आत गेल्या, त्या पानांची वेळ होईपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

ज्या घरांतून ही चाल उरली नसेल त्यांच्यासाठी सांगते. पणतवंडाचे मुख पाहिलेल्या वृद्धावर, ते मूल मांडीवर देऊन, सोन्याची बारीक फुले उधळतात. चार पिढ्या एका छपराखाली पाहणे हे भाग्य पूर्वी दुर्मिळ, म्हणून हा सोहळा. मात्र पणतवंड म्हणजे मुलाच्या मुलाचा मुलगा, हे सगळ्यांनी गृहीत धरलेले. कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

फेब्रुवारीअखेर हैदराबादेत उष्टावण झाले. मुलीचे म्हणून सातव्या महिन्यात. बेळगावहून मामा आला, चांदीच्या वाटीतील खीर त्याने अंगठीने चाटविली, आणि पहिला घास पोटात जाण्याऐवजी मामाच्या नव्या सदऱ्यावर गेला. सुलतान बाजारात आमची एक मावसबहीण तीन पिढ्यांच्या घरात राहते, तिच्याकडेच पाने मांडली होती. चिरंजीवांचे घर शहराच्या दुसऱ्या टोकाला. तेथे मुलीला सांभाळावयास येणारी बाई तेलुगू. ती दुधाला ‘पालू’ म्हणते. बेळगावी घरकाम करणारी कानडी बाई ‘हालू’ म्हणे. आम्ही ‘दूदू’ म्हणतो. छकुली वाटी पाहिली की ‘पा’ म्हणते. मामाचे मत, ती पाणी मागते. चिरंजीवांचे मत, ती पप्पा म्हणते. तेलुगू बाई नुसती हसते आणि दूध आणते, आणि मुलगी ते मुकाट्याने पिते.

गुढीपाडवा, ३० मार्च २०२५, लेकीकडे बडोद्याला. ती मंडळी हैदराबादेहून विमानाने आली. मी अवंतिकेने एकटी निघाले, मध्यरात्र उलटून गेल्यावर उतरले. सासूबाईंजवळ ‘हे’ राहिले. दुसऱ्या दिवशी गुढी उतरविल्यावर ऊन कलताना सर्वजण कमाटी बागेत गेलो. १८७९ साली सयाजीरावांनी लोकांसाठी खुली केलेली ही बाग म्हणजे आमच्या सासूबाईंच्या बालपणीचे अंगण. त्यांचे माहेर दांडिया बाजारातले. लग्न होऊन १९५३ साली इंदूरला आल्या तरी कमाटी बागेतील झाडांच्या गोष्टी अजून सांगतात. चिरंजीव आणि सूनबाई मुलीला छोट्या आगगाडीत बसवावयास गेले. आम्ही मायलेकी बाकावर बसलो. लेक म्हणाली,

“आई, माझ्या बारशाला आजी आली नव्हती ना?”

मी विचारले, “कोणी सांगितलं तुला?”

“ग्वाल्हेरच्या मावशीनं. फार वर्षं झाली सांगून. मी तुला कधी विचारलं नाही.”

ही गोष्ट मी आजवर या पानावर काय, कोठेच बोलले नाही. १९८८ साली माझे पहिले बाळंतपण ग्वाल्हेरला झाले. मुलगी झाल्याची तार इंदूरला गेली. सासूबाईंनी बारशाला येण्याचे आधी कबूल केले होते; तारेनंतर पत्र आले की गुडघे दुखतात. वय तेव्हा ५४. घरात पेढे नाहीत, बर्फीही नाही. तीन वर्षांनी चिरंजीव झाले तेव्हा त्याच गुडघ्यांनी त्या गाडीत बसून ग्वाल्हेरला आल्या, आणि इंदूरच्या वाड्यात घरटी पेढे वाटले गेले. माझ्या आईने ते पत्र बरीच वर्षे ट्रंकेत ठेवले होते. मी मागून घेऊन ते फाडले.

मला नेहमी नवल वाटे ते याचे की, या बाई बडोद्याच्या! ज्या राज्यात १९०६ सालीच मुलांबरोबर मुलींनाही सक्तीचे मोफत शिक्षण सुरू झाले, तेथल्या शाळेत शिकलेल्या. माझ्या लेकीचा अभ्यास पुढे त्यांनीच घेतला, श्लोक त्यांनीच पाठ करविले, आणि ती पदवीधर झाली तेव्हा शेजारणींना बोलावून सांगितले. माया केली नाही असे मी म्हणू शकत नाही. पण ते बारसे राहिले ते राहिलेच.

“तुला वाईट वाटतं का अजून?” मी लेकीला विचारले.

“माझं नाही,” ती आगगाडीकडे पाहत म्हणाली, “तिचं वाटतं. संक्रांतीला आजी काय म्हणाली ते वहिनीनं सांगितलं मला.”

इंदूरला परतल्यावर मी ‘ह्यां’ना स्पष्ट सांगितले की, वाढदिवसाला छकुलीला आईंच्या मांडीवर देऊन सोन्याची फुले उधळावयाची. ह्यांचे म्हणणे, मुलीच्या वेळी नसते ते; शिवाय सोन्याने तोळ्यामागे लाखाचा आकडा गाठला आहे. दुसरे कारण मला पहिल्यापेक्षा प्रामाणिक वाटले. आमचे बोलणे स्वयंपाकघरात चालले होते, आणि सासूबाई ओसरीवर वाती वळीत होत्या. दोन दिवस त्या काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारून ट्रंक उघडावयास लावली, तळाची फडक्याची पुरचुंडी काढविली आणि आपली एकदाणी माझ्या हातावर ठेवली. दांडिया बाजारातून अंगावर आलेला शेवटचा दागिना.

“सराफ्यात जाऊन ये. एकवीस फुलं होतात का बघ.”

“आई, माहेरची आहे तुमची. मोडायची कशाला?”

“मग काय बरोबर नेऊ?”

इंदूरचा सराफा बाहेरच्यांना माहीत आहे तो रात्रीचा, भुट्ट्याच्या किसाचा आणि जिलब्यांचा. दिवसा मात्र तेथे पेढ्या असतात, आणि सोनाराच्या समोर बसून आपला दागिना वितळताना पाहणे हे जिलबीइतके सुखाचे नाही. एकदाणी सासूबाईंच्या हिशेबाने सव्वा तोळ्याची. मणी पोकळ; आतली लाख निघून गेल्यावर पाऊण तोळाच भरली. सोनार भला होता. म्हणाला, फुले नखाएवढीच होतील, पण होतील एकवीस. मजुरीचे पैसे मी माझे दिले.

वाढदिवसाचाही एक वाद झाला. सासूबाईंचा आग्रह तिथीचा, म्हणजे ३० जुलै. मुलांचा तारखेचा, म्हणजे १० ऑगस्ट. अखेर ९ तारखेला राखीपौर्णिमा, लेक भावासाठी येणारच आणि दुसऱ्या दिवशी रविवार, हे पाहून सासूबाईंनी तिथी सोडली. इतक्या सहज त्यांनी काही सोडल्याचे मला आठवत नाही.

रविवारी सकाळी त्यांना शाल पांघरून खुर्चीवर बसविले, छकुलीला मांडीवर दिले. एकवीस फुले ती किती दिसणार, म्हणून त्यांत झेंडूच्या आणि गुलाबाच्या पाकळ्या मिसळल्या. पाच सुवासिनींनी ओवाळले. सूनबाई सर्वांत पुढे होत्या. फुले उधळली तशी छकुली टाळ्या वाजवू लागली आणि पुढच्याच क्षणी तिने काहीतरी उचलून तोंडात घातले. एकच हलकल्लोळ! चिरंजीवांनी तिच्या तोंडात बोट घालून ते बाहेर काढले, तर झेंडूची पाकळी. तरी फुले मोजली. वीस! सतरंजी झटकली, खुर्ची हलविली, सासूबाईंच्या निऱ्या पाहिल्या. जावईबापू चष्मा लावून गुडघ्यांवर फिरत होते. सूनबाई रडवेल्या होऊन डॉक्टरांना दूरध्वनी करावयास निघाल्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या,

“शोधू नका. माझ्याजवळ आहे.”

मूठ उघडली. त्यांनी माझ्या लेकीला जवळ बोलावले आणि ते फूल तिच्या तळहातावर ठेवले. “हे तुझं. सदतीस वर्षं राहिलं होतं.”

लेक काही बोलली नाही. तिने वाकून नमस्कार केला आणि मग बराच वेळ तशीच त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसून राहिली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. मीही पानांची घाई आहे असे म्हणत आत गेले. माझा राग गेला का, असे वाचकांपैकी कोणी विचारील. नखाएवढ्या फुलाने तो जावा इतका लहान नव्हता. पण त्या दिवशी पुरणाला चटका देताना मी सासूबाईंच्या वाटचे पुरण वेगळे काढून अधिक मऊ वाटले, एवढे खरे.

उरलेली वीस फुले फडक्यात शिवून सूनबाईंच्या स्वाधीन केली. सोमवारी मंडळी विमानाने परत गेली. संध्याकाळी सासूबाईंनी मला दूरध्वनी लावावयास सांगितले. पलीकडे त्या तेलुगू बाईने उचलला. सासूबाईंनी यंत्र कानाशी घट्ट धरले आणि मोठ्याने विचारले,

“पालू? पालू प्यायली का?”