विश्लेषण : ट्यूब ॲम्पचा ‘स्टँडबाय’ विधी किती खरा, किती ऐकीव?

गिटारच्या ट्यूब ॲम्प्लिफायरवर बहुधा दोन स्विच असतात. एक ‘पॉवर’चा, दुसरा ‘स्टँडबाय’चा. आधी पहिला लावायचा, मिनिटभर थांबायचे, मग दुसरा. बंद करताना नेमके उलट. हा क्रम चुकला तर ट्यूब जळतात, असे नव्या गिटारवादकाला कोणी ना कोणी बजावतेच. गंमत अशी, की ज्या चुकांनी ॲम्प खरोखर जळतो किंवा माणसाच्या जिवावर बेतते, त्यांबद्दल एवढ्या कळकळीने कोणी बोलत नाही.

ट्यूब तापावी का लागते?

ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओतला व्हॉल्व्हच. काचेच्या निर्वात नळीत मधोमध कॅथोड, बाहेरून प्लेट आणि दोहोंच्या मध्ये जाळी. हीटरने कॅथोड तापला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लेटकडे खेचले जातात. गिटारचा इवलासा संकेत जाळीवर देऊन हा प्रवाह कमी-जास्त केला जातो. हीटरला बहुतेक ॲम्पमध्ये अवघे ६.३ व्होल्ट पुरतात, पॉवर ट्यूबच्या प्लेटवर मात्र साधारण ३०० ते ५०० व्होल्ट असतात. घरात मर्फी किंवा फिलिप्सचा रेडिओ पाहिलेल्या पिढीला यात नवे काही नाही. बटण फिरवले, आतला दिवा लागला, तरी आवाज यायला थोडी वाट पाहावी लागे.

त्या रेडिओला स्टँडबाय स्विच नव्हता. एकाच बटणावर तो वर्षानुवर्षे चालला आणि त्याचे व्हॉल्व्ह काही महिन्या-महिन्याला बदलावे लागले नाहीत. स्टँडबायचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी या रेडिओचे उत्तर द्यायला हवे.

मग हा स्विच आला कुठून?

अमेरिकेत १९५० च्या दशकात फेंडर कंपनीच्या मोठ्या ॲम्पवर तो दिसू लागला. त्याच कंपनीच्या छोट्या ‘चॅम्प’वर तो नव्हता. पुढे १९६२ मध्ये लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात ‘जेटीएम ४५’ तयार झाला, तो फेंडरच्या ‘बेसमन’वर बेतलेला होता. आराखड्याबरोबर स्विचही आला आणि हळूहळू तो ‘खऱ्या’ ॲम्पची खूण बनला.

त्याच्या समर्थनार्थ सांगितले जाते, की थंड कॅथोडसमोर उच्च दाब आला तर कॅथोडवरचा लेप उखडतो. हे भय पूर्णपणे काल्पनिक नाही. रेडिओ केंद्रांच्या ट्रान्समीटरमध्ये हजारो व्होल्टवर चालणाऱ्या मोठ्या ट्यूबना आधी तापवणे आवश्यक असते. पण तो नियम जसाच्या तसा ४०० व्होल्टच्या गिटार ॲम्पला लावणे म्हणजे रेल्वे इंजिनाचे नियम सायकलला लावण्यासारखे आहे.

शिवाय ज्या ॲम्पमध्ये ‘जीझेड ३४’सारखी रेक्टिफायर ट्यूब आहे, तिथे उच्च दाब आपोआपच सावकाश चढतो, कारण ती ट्यूबही तापावी लागते. अशा ॲम्पमध्ये स्टँडबाय रेक्टिफायरच्या पुढे बसवला असेल तर उलटाच प्रकार होतो. रिकामे कपॅसिटर भरण्यासाठी तापलेल्या रेक्टिफायरमधून एकदम मोठा प्रवाह ओढला जातो. जिला वाचवायचे, तिच्यावरच ताण.

स्टँडबायवर ठेवून चहाला गेले तर?

दहा मिनिटांच्या मध्यंतरात काही बिघडत नाही. तासन् तास ठेवणे मात्र वाईट. कॅथोड तापलेला आणि प्रवाह शून्य, या अवस्थेत त्याच्या लेपाखाली विद्युतरोध करणारा थर वाढत जातो. हा अनुभव संगीतातला नाही, संगणकाचा आहे. अमेरिकेतील एमआयटीमध्ये ‘व्हर्लविंड’ संगणक बांधणाऱ्या अभियंत्यांना याच दुखण्याने छळले होते. बराच वेळ प्रवाहाविना तापत राहिलेल्या ट्यूब गरजेच्या वेळी कमजोर निघत. कॅथोडच्या निकेलमधले सिलिकॉन हे त्यामागचे कारण निघाले आणि ते काढून टाकल्यावर ट्यूबचे आयुष्य कितीतरी वाढले.

म्हणून दर पाच मिनिटांनी ॲम्प बंदच करावा का? तेही नको. सुमारे १८ हजार ट्यूबच्या ‘एनियॅक’ या १९४६ च्या संगणकात बहुतेक ट्यूब तापताना किंवा थंड होतानाच निकामी होत, म्हणून तो शक्यतो चालूच ठेवला जाई. दोन गाण्यांच्या मध्ये ॲम्प चालू राहू द्यावा, आवाज खाली करावा. तासाभराचा खंड असेल तर सरळ बंद करावा. स्टँडबायचा खरा उपयोग एवढाच, थोडा वेळ आवाज बंद ठेवण्याचा.

थोडक्यात क्रम कोणता?

स्पीकरची केबल पक्की बसली आहे ना, हे पाहावे. व्हॉल्यूम शून्यावर आणावा, पॉवर लावावी. स्टँडबाय असेल तर अर्धे-एक मिनिट थांबून तो लावावा. लगेच लावला गेला तरी हळहळण्याचे कारण नाही. कंपनीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळावा. बंद करताना आवाज खाली आणून थेट पॉवर बंद करणे उत्तम. स्टँडबाय वाजवण्याच्या स्थितीतच राहू दिला तर तापलेल्या ट्यूबमधून कपॅसिटरमधला साठा बराचसा निघून जातो. त्यानंतर ॲम्प लगेच उचलून टेम्पोत टाकू नये. तापलेल्या ट्यूबचे आतले भाग धक्क्याला नाजूक असतात.

वीज गेली तर स्विच बंद करून ठेवावा. आपल्याकडे वीज परतते ती अनेकदा झटक्यांत, येत-जात, कधी दाब चढवून. दोन मिनिटे थांबून चालू करण्यात काही जात नाही.

आणि ट्यूबची प्लेट लालबुंद दिसली तर कोणताही क्रम पाळत बसू नये, तत्क्षणी पॉवर बंद. हीटरचा नारिंगी उजेड नेहमीचा, काचेवरची निळसर झाकही बहुधा निरुपद्रवी. प्लेट लाल होणे म्हणजे ट्यूब मरू लागली आहे.

मग खरी भीती कशाची?

पहिली, स्पीकर न जोडता ॲम्प चालवण्याची. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही तर त्यात प्रचंड दाब उसळतो, आतले इन्सुलेशन फुटते आणि ट्यूबच्या कितीतरी पट महाग असलेला भाग जातो. गिटारची केबल स्पीकरला लावणे ही त्याचीच धाकटी बहीण. जॅक सारखाच दिसतो, पण आतली तार बारीक असते.

दुसरी, विजेच्या दाबाची. परदेशातून आणलेला १२० व्होल्टचा अमेरिकी ॲम्प आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये गेला तर नशीब असेल तर फक्त फ्यूज उडतो. पुरेशा वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. उडालेल्या फ्यूजच्या जागी तार बांधण्याची जुनी खोड इथे आगीला आमंत्रण ठरते. तितक्याच अँपिअरचा आणि त्याच प्रकारचा फ्यूज घालावा. तोही उडाला तर तंत्रज्ञाकडे जावे.

तिसरी सर्वांत गंभीर : अर्थिंग. गिटारच्या तारा केबलमार्गे ॲम्पच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. एका उपकरणाला अर्थिंग आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा वेळी एक हात तारांवर आणि दुसरा मायक्रोफोनवर गेला की प्रवाह छातीतून जातो. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर असेच गेले. मायक्रोफोनला अर्थिंग नव्हते. गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात कसाबसा बसवणाऱ्यांनी हे आठवावे. स्टँडबायचा मिनिट मोजणारा वादक अनेकदा याच बोर्डावर बिनधास्त असतो.

ट्यूब जपायला हव्यात, हे खरेच. गिटार ॲम्पसाठीच्या ट्यूब आज मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा सारातोव्हच्या कारखान्यातल्या ट्यूबसाठी जगभर धावाधाव झाली आणि किमती वाढल्या. मात्र ट्यूब अकाली जाण्यामागे स्टँडबायपेक्षा चुकीचे बायस, भिंतीला टेकवून कोंडलेली हवा आणि हादरे हीच कारणे अधिक असतात. ट्यूबच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, ती बदलावी. बदलायची तर ॲम्प बंद, प्लग काढलेला आणि ट्यूब थंड झालेली हवी. सांगाडा मात्र उघडू नये. प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट उरलेले असू शकतात.