आधी पाऊल, मग उत्साह

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा मधुमेहाच्या प्रमाणात गोव्याचा क्रमांक पहिला लागला. देशाचे प्रमाण ११.४ टक्के आणि गोमंतकाचे २६.४ टक्के! म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक. साक्षरता आणि दरडोई उत्पन्न यांचा अभिमान बाळगणाऱ्या या चिमुकल्या राज्याने हा मानही मुकाट्याने पचवला. चार दिवस चर्चा झाली, आणि ज्याच्या त्याच्या तोंडून एकच निश्चय ऐकू आला : ‘उद्यापासून चालायला लागतो.’ तो उद्या पुष्कळांच्या घरी अजून उजाडायचा आहे.

चालण्याचे महत्त्व आता कोणास पटवून द्यावयास नको. लंडनमधील डॉ. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ सालीच दाखवून दिले की, दिवसभर बसून दुमजली बस हाकणाऱ्या चालकांपेक्षा तिचे जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि टपाल कचेरीतील कारकुनांपेक्षा पत्रे वाटत हिंडणाऱ्या पोस्टमनांना कमी होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यास निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सांगते. दिवसाकाठी ती बावीस मिनिटेही होत नाहीत. चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरची दहा मिनिटांची फेरीसुद्धा मधुमेह्याच्या कामी येते. हे सारे डॉक्टर सांगतात, आपण मान डोलावतो आणि दवाखान्याच्या पायरीलगत लावलेल्या स्कूटरवर बसून घरी येतो.

उणीव ज्ञानाची नाही, उत्साहाची आहे, असे म्हटले जाते. आम्हांस हे निदान अर्धेच मान्य आहे. आधी मन उचल घेईल आणि मग पाय चालू लागतील, या अपेक्षेतच खरी खोच आहे. मन असे सहसा उचल घेत नाही. पहिले पंधरा दिवस पाय कुरकुरत चालतात. मन मागाहून येते, आणि एकदा आले की न चाललेला दिवस चुकल्या-चुकल्यासारखा वाटू लागतो. उत्साहाची वाट पाहत ओसरीवर बसणाऱ्यांनी हा क्रम ध्यानी घ्यावा.

महात्मा गांधींचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करीत असताना खर्च कमी करण्यासाठी त्यांनी बिऱ्हाड बदलले, कामाच्या ठिकाणी अर्ध्या तासात पायी पोहोचता येईल अशा जागी खोल्या घेतल्या आणि गाडीभाडे वाचविले. दिवसास आठ-दहा मैल चालणे त्यामुळे आपोआप घडू लागले, आणि याच सवयीने आपण इंग्लंडात निरोगी राहिलो, असे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. चाळीस वर्षांनी, १९३० साली, साठी गाठलेला तोच माणूस २४ दिवसांत सुमारे ३८५ किलोमीटर चालून दांडीला पोहोचला. त्या पायांची तयारी कोणा व्यायामशाळेत झाली नव्हती. काटकसरीने ती करून घेतली होती.

आमच्या वाडवडिलांनाही व्यायाम म्हणून कोणी चालावयास सांगितले नव्हते. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, देवळातली पालखी, फेरीबोटीचा धक्का, शेजारच्या वाड्यावरचे लग्न ही कामेच त्यांना चालवीत. आज राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार आहे; हे प्रमाण देशात सर्वाधिक. दुचाकींबद्दल बोलावयासच नको, आणि ज्याच्यापाशी तीही नाही त्याच्या सेवेला मोटारसायकल पायलट नाक्यावर उभा आहेच. कामातून चालणे वजा झाले. मग त्यासाठी वेगळी वेळ, वेगळे बूट आणि वेगळी उमेद लागू लागली. चालणे पुन्हा एखाद्या कामाला बांधून टाकणे, हाच त्यावर आम्हांस दिसणारा उपाय. सकाळचे पाव आणि वर्तमानपत्र पायी आणावे. देवदर्शनास जाताना गाडी अर्धा किलोमीटर अलीकडे ठेवावी. बसमधून एक थांबा आधी उतरावे. रात्रीच्या जेवणानंतर दूरदर्शनपुढे बसण्याआधी वाड्याला एक फेरी मारावी. पावसाच्या चार महिन्यांत लांब व्हरांडा किंवा देवळाचा सभामंडप कामी येतो.

दहा हजार पावलांच्या आकड्याने कोणी धास्तावू नये. तो आकडा मुळात १९६५ साली जपानात विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातला आहे, वैद्यकातला नव्हे. सरासरी ७२ वर्षे वयाच्या अमेरिकन स्त्रियांचा एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दिवसास सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ७,५०० च्या पुढे लाभ वाढेनासा झाला. ज्यांना छातीत दुखते वा पायांची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेह्याने अनवाणी चालूच नये.

एका गोष्टीचा दोष मात्र आम्ही नागरिकांच्या माथी मारणार नाही. २०२४ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार पुरेशी हालचाल न करणाऱ्यांचे प्रमाण भारतीय पुरुषांत ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. ‘घरकामात व्यायाम होतोच’ म्हणणाऱ्या यजमानांनी हा आकडा वाचावा आणि संध्याकाळचा अर्धा तास चूल स्वतः सांभाळावी. परंतु बाहेर पडलेल्या त्या गृहिणीने चालावे कोठे? राजधानीत कांपालवरून मिरामारपर्यंत मांडवीच्या काठाने जाता येते, हे पणजीकरांचे भाग्य. गावातल्या रस्त्याला मात्र कडेला गटार, त्यापुढे झुडपे, जेथे पदपथ आहे तेथे त्यावर उभी केलेली वाहने, आणि काळोख पडला की कुत्र्यांचे टोळके. रस्ते रुंद होताना चालणाऱ्याची कड प्रथम कापली जाते, कारण तो कर भरीत नाही आणि हॉर्नही वाजवीत नाही. देऊळ, शाळा आणि बाजार जोडणारा निदान एक रस्ता प्रत्येक पंचायतीने दिव्यांसह चालण्याजोगा करावा, ही मागणी काही आकाशातल्या चंद्राची नव्हे. आपल्याकडे ग्रामसभा बहुधा रविवारी भरतात. मागणी घेऊन तेथवर जाताना तरी गाडी घरी ठेवता येईल.