उन्हात बसून काय मिळालं?

“दुपारभर उन्हात बसून काय मिळालं गं तुम्हाला?” शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा मी दाराचं कुलूप काढत होते. पटकन उत्तर सुचलं नाही, नुसतीच हसले. पण आठ दिवस झाले, तो प्रश्न काही डोक्यातून जात नाही. म्हणून मैत्रिणींनो, आज तुमच्यापुढे मांडते.

झालं असं, की जानेवारीतल्या एका रविवारी आमच्या तालुक्याच्या गावी पाच महिला भजनी मंडळांनी एकत्र गायचं ठरवलं. गाव विदर्भातलं, थंडी कडाक्याची. म्हणून हॉलऐवजी शाळेचं उघडं पटांगण घेतलं. चाळीसेक बायका, दोन पेट्या, दोन ढोलक्या, टाळ आणि खंजिऱ्या. वेळ दुपारी दोनची. दोनचीच का? सकाळी डबे आणि धुणी, संध्याकाळी दिवाबत्ती नि स्वयंपाक, रात्री बाहेर पडायची सोय नाही. दुपारचे दोन तास तेवढे कसेबसे आपले असतात, तेही निवडण-टिपण करण्यात जातात!

बैठकीत आम्ही ठरवलं, स्पर्धा ठेवायची नाही, नंबर काढायचे नाहीत, प्रमुख पाहुणे नि सत्कारही नकोत. हळदीकुंकूही नको. हळदीकुंकू म्हटलं की काही जणी आपोआप घरी राहतात. का राहतात, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. यावरून वाद झालाच. “बक्षीस नाही, वाण नाही, मग येणार कोण?” असा सवाल आला. प्रत्यक्षात सतरंज्या कमी पडल्या!

आणि काय सांगू, काय गायल्या बायका! अभंग झाले, गौळणी झाल्या, एकनाथांचं भारूड झालं. भजनात पुढची एक जण ओळ म्हणते आणि मागच्या सगळ्या ती उचलतात. त्यात पहिल्या रांगेतल्या सत्तरीच्या आजींचा दम मध्येच संपला. पण ओळ तुटली नाही, मागच्यांनी ती अलगद पुढे नेली. आजींनी श्वास घेतला आणि पुन्हा सामील झाल्या. एकटीला ‘तुझा आवाज चांगला नाही’ म्हणून गप्प बसवता येतं, चाळीस जणींत कोणाचा आवाज कोणता, कोण ओळखणार?

पाठीवर कोवळं ऊन, ओंजळीत उकडलेल्या तुरीच्या शेंगा, कानावर गाणं. असं सुख! पण खरं सांगू? अर्ध्या तासानं माझी चुळबुळ सुरू झाली. चहाचं काय झालं, कप पुरतील का, या काळजीनं मी उठायला लागले. तर शेजारच्या मैत्रिणीनं माझा पदरच ओढला. “बस खाली! चहा कुठं पळून जात नाही.” मी बसले. नुसतं बसून ऐकणं किती अवघड आहे, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं.

भिंतीशी एक बाई भाजीची पिशवी घेऊन उभी होती. दोनदा बोलावलं. “नाही, सहज थांबले, निघायचंच आहे,” म्हणाली. कार्यक्रम संपेपर्यंत ती तिथंच उभी होती, पण सतरंजीवर काही बसली नाही. मला वाटतं, ती पिशवी म्हणजे तिचं कारण होतं. आपल्याला घराबाहेर पडायला कारण लागतं ना? भाजी, दळण, मुलांची शाळा, दवाखाना, देऊळ. गावातली पुरुष मंडळी पानठेल्यावर तासभर उभी असतात, पोरं मैदानात क्रिकेट खेळतात, त्यांना कोणी कारण विचारत नाही. विनाकारण मैदानात बसलेली बाई मात्र लगेच डोळ्यांत येते.

एकत्र गाणं आपल्याला नवं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्याच आज्या-पणज्यांची गाणी ती! पण ती गाणी पहाटेच्या अंधारात, दळणाचे कष्ट सोसता यावेत म्हणून गायलेली. हात मोकळे असताना ती बाई कधी गायली असेल का, हा विचार मनात येतोच. घरोघरची जाती थांबली, कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण त्याबरोबर गाणंही थांबलं, ते का?

उघड्यावर एकत्र बसून गाणंही आमच्या भागाला परकं नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरी हाती घेऊन गावोगाव भजनं म्हटली, लोकांना सामुदायिक प्रार्थनेला बसवलं. ती खंजिरी आज आमच्या बायकांच्या हातात आहे. मग थोडी जागा आणि थोडा वेळही हातात घ्यायला काय हरकत आहे?

काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आता मला सापडलंय. काही मिळालं नाही, काकू! ना वाण मिळालं, ना पुण्य, ना प्रमाणपत्र. आणि तरीही दुपार वाया गेली असं वाटलं नाही. घरादारासाठी उपयोगी न पडणारे दोन तास बाईला असू शकतात, एवढं जरी आपण स्वतःशी कबूल केलं तरी पुष्कळ झालं.

तुमच्याही गावात भजनी मंडळ असेलच. मंडपाचा नि माईकचा खर्च नको. दोन सतरंज्या, एक ढोलकी आणि शाळेची सुट्टीतली परवानगी पुरे. चहा त्या दिवशी घरच्या पुरुषांनी करावा. आमच्याकडे एका भाऊजींनी केला, साखर जरा जास्त झाली, पण सगळ्यांनी आवडीनं प्याला!

ऊन तापायच्या आत फेब्रुवारीत आम्ही पुन्हा बसणार आहोत. काकूंनाही सांगितलंय. “बघते, काम नसलं तर येईन,” म्हणाल्या. मी म्हटलं, “काकू, काम असलं तरी या.”